आईवडलांसाठी नर्सिंग होम किंवा केअर सेंटर बघायला जाताय? कोल्हापूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापुरात घरोघरी पेशंट बघते आणि काही केअर सेंटरमधेही व्हिजिटला जाते. पॅरालिसिस झालेले, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेले, डिमेन्शियावाले (म्हणजे म्हातारपणी विसरायला होतं, भ्रम होतो तो आजार), कायमचे अंथरुणाला खिळलेले असे वयस्कर पेशंट. घरच्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात आणि बहुतेक वेळा रात्री व्हॉट्सॲपवर येतात, "उद्या ॲडव्हान्स भरायचाय मॅडम, जागा बरी आहे का?" म्हणून इथं सगळं एकदाच लिहून ठेवते. डिलिव्हरी नाहीतर ऑपरेशनच्या दवाखान्यांबद्दल हे नाही, म्हाताऱ्या माणसाला महिनोनमहिने ठेवायच्या जागेबद्दल आहे.

आम्ही साधी माणसं, आम्हाला आत फिरून बघू देतील का? तपासणी तर सरकारी लोक करतात ना?

रजिस्टर मागवणं, नोटीस काढणं, लायसन्स रद्द करणं हा अधिकार सरकारी अधिकाऱ्यांचा, ते बरोबर आहे. पण तुम्ही पैसे भरणार आणि तुमचं माणूस तिथं झोपणार, त्यामुळं वॉर्ड, संडास-बाथरूम, किचन आणि औषधांचं कपाट बघायला मागणं यात गैर काहीच नाही. चांगल्या ठिकाणी स्वतःहून दाखवतात. दुसऱ्या पेशंटची आंघोळ चाललीय, दहा मिनिटं थांबा, असं म्हणाले तर ते उलट चांगलं लक्षण, तिथं माणसाची अब्रू सांभाळतात. पण ऑफिसमधे एसी लावून, चहा पाजून, मोबाईलवर फोटो दाखवून परत पाठवत असतील तर चहा प्या आणि दुसरी जागा बघा.

बोर्डावर नुसतं 'केअर सेंटर' लिहिलंय, मग नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन लागतं का?

महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ पासून आहे आणि त्याच्या नियमांत २०२१ मधे सुधारणा झालीय. आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा जिथं होते ती जागा या कायद्यात येते. म्हणजे बोर्डावर काय रंगवलंय ते सोडा, आत काय चालतं ते बघा. सलाईन लागतंय, नाकातून नळी घातलेले पेशंट आहेत, ऑक्सिजन चालू आहे, इंजेक्शनं दिली जातायत, आणि मालक म्हणतोय "आमचं नुसतं निवास केंद्र आहे हो", तर मग त्याला सरळ विचारा की उपचाराची जबाबदारी कुणाची. हिंडतेफिरते आजी-आजोबा राहतात, जेवतात, भजन करतात अशा वृद्धाश्रमाची गोष्ट वेगळी.

सर्टिफिकेट भिंतीवर दिसेल अशा जागी पाहिजे. त्यावर नाव, पत्ता, किती बेडची मंजुरी आणि मुदत कधीपर्यंत या चार गोष्टी वाचा. नोंदणी तीन वर्षांची असते, मग रिन्यू करायची. आणि बेड स्वतः मोजा! मंजुरी पंधराची आणि आत बावीस पलंग, पॅसेजमधे सुद्धा दोन, असं असेल तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

शहरात हे काम महापालिकेचा आरोग्य विभाग बघतो. शहराबाहेर ग्रामपंचायत हद्दीत किंवा तालुक्याच्या गावात असेल तर जिल्हा आरोग्य अधिकारी नाहीतर जिल्हा शल्यचिकित्सक (सिव्हिल सर्जन) यांच्याकडं विचारायचं. काही जण धर्मादाय आयुक्तांकडचं ट्रस्टचं सर्टिफिकेट फ्रेम करून दाखवतात, ते संस्था नोंदल्याचं असतं, पेशंट सांभाळायची परवानगी ती नव्हे.

बघायला कधी जायचं?

सकाळी अकरा वाजता सगळीच सेंटरं छान दिसतात. आंघोळी झालेल्या, चादरी बदललेल्या, डॉक्टरांचा राउंड नुकताच संपलेला, फरशी पुसलेली. तेव्हा एकदा जा, ओळख करून घ्या, कागदपत्रं बघा. आणि मग न सांगता परत जा, रात्री साडेआठ-नऊला, शक्यतो रविवारी नाहीतर सणाच्या दिवशी. गणपतीत आणि दिवाळीत गावाकडचा स्टाफ सुट्टीवर जातो, तेव्हा मागं कोण राहतं ते कळतं.

माझं स्पष्ट मत आहे की या जागांची खरी परीक्षा रात्रपाळीत असते. दिवसा मालक असतो, नातेवाईक येत-जात असतात, मी येते, डॉक्टर येतात. रात्री दहा ते सकाळी सहा तिथं फक्त पेशंट आणि ड्युटीवरचा माणूस. पडणं, घशात अडकणं, डायपर चार-पाच तास तसाच राहणं, शुगर अचानक उतरणं, यातलं बरंचसं याच वेळात होतं आणि घरच्यांना सकाळी फोन येतो, "रात्री थोडा त्रास झाला होता पण आता बरे आहेत." म्हणून संध्याकाळी गेल्यावर विचारायचं: आज रात्री कोण आहे? नाव सांगा. ते आत्ता कुठं आहेत? ते झोपतात कुठं? तुमची रात्रपाळी वॉर्डातच बसते की खालच्या खोलीत झोपते आणि कुणी ओरडलं की उठून येते?

पेशंटची झोपायची वेळ असते त्यामुळं पंधरा मिनिटांच्या वर थांबू नका आणि आवाज करू नका. "रात्री अजिबात यायचं नाही" असा नियम असेल तर तो कशासाठी ते विचारा. संसर्गासाठी, झोपमोडीसाठी म्हणून वेळा ठरवलेल्या असतात ते पटण्यासारखं आहे, पण तातडीला सुद्धा घरच्यांना आत सोडत नसतील तर ते मला पटत नाही.

रात्री किती स्टाफ पाहिजे? एखादा आकडा सांगा की.

आकडा पाठ करण्यापेक्षा तिथंच उभं राहून हिशोब करा. स्वतःहून कूस बदलू न शकणारे किती जण आहेत ते विचारा. समजा पंधरा. अशा पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते, म्हणजे वळवायचं, पाठ बघायची, ओलं असेल तर डायपर आणि चादर बदलायची, उशा लावायच्या, पाणी पाजायचं. एकाला दहा मिनिटं धरली तरी पंधरा जणांची फेरी अडीच तासांत होते. म्हणजे एकटी मावशी न बसता, न थांबता रात्रभर फिरत राहिली तरी दोन तासांचं वेळापत्रक पाळणं तिला शक्यच नाही, आणि जड माणसाला एकटीनं वळवताही येत नाही. तरी भिंतीवरच्या चार्टवर दहा, बारा, दोन, चार अशा सह्या एका हातानं, एकाच पेनानं, एका दमात केलेल्या दिसल्या तर समजून घ्या काय ते.

आणि स्टाफ म्हणजे कोण तेही विचारा. जीएनएम किंवा एएनएम (हे नर्सिंगचे कोर्स) झालेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं नोंद असलेली नर्स वेगळी, आणि मावशी-मामा वेगळे. मावशी-मामा या धंद्याचा कणा आहेत, माझे अर्धे पेशंट त्यांच्या जिवावर उभे राहिलेत, पण इन्सुलिन देणं, नाकातली नळी घालणं, सक्शन करणं (मशीननं घशातला कफ ओढणं) ही कामं त्यांच्यावर टाकली जात असतील तर त्यात त्यांचाही जीव टांगणीला लागतो. सगळ्यांनाच पांढरा नाहीतर निळा युनिफॉर्म असतो त्यामुळं कपड्यावरून काही कळत नाही, विचारावंच लागतं.

एक प्रश्न मी नेहमी विचारायला सांगते, मालकाला नाही, मावशीला: "मावशी, तुम्ही हितं किती वर्षं झाली?" दोन-तीन जणी "मागल्या महिन्यात आले" म्हणाल्या तर तिथं माणसं टिकत नाहीत. पगार वेळेवर नाही, किंवा काम झेपत नाही.

बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, होणार नाहीत याची खात्री कशी करायची?

खात्री कुणीच देत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून सावध राहा. पण तिथं आधीपासून असलेल्या पेशंटांकडं बघून बरंच कळतं. परक्या माणसाची पाठ बघायला मागू नका, टाचा बघा, त्या चादरीबाहेर असतातच. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवलीय का? की सगळ्यांच्या टाचा गादीवर रुतल्यात? एवढ्या एका गोष्टीवरून माझं अर्धं मत बनतं.

जखमा जास्त होतात त्या माकडहाडावर, खुब्यावर, टाचेला आणि घोट्याला, म्हणजे जिथं हाड कातडीच्या जवळ आहे तिथं. सुरुवात लालसर डागानं होते. त्यावर बोटानं दाबायचं, फिकट होऊन परत लाल झाला तर रक्त फिरतंय, दाबूनही लालच राहिला तर पहिली पायरी सुरू झाली. आपल्याकडं सावळ्या रंगावर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हात लावून बघायचं, आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, कडक झालंय का, दुखतंय का. आणि ती जागा चोळायची नाही! पावडर लावून जोरात मालिश करणारे अजूनही भेटतात, त्यानं आतलं मांस आणखी दुखावतं.

एअर बेड आहे म्हणजे झालं असं नसतं. पंप चालू आहे का ते हात लावून बघा, लाईट गेल्यावर तो बसतो, मग काय करतात विचारा. एअर बेड असला तरी कूस बदलावीच लागते. आणखी एक, खास आपल्या पावसाचं: जून ते सप्टेंबर कोल्हापुरात कपडे वाळत नाहीत, तर एवढ्या चादरी, मॅक्शी, झबली कुठं वाळवतात? ड्रायर आहे का, चादरींचे जादा जोड आहेत का? दमट चादरीवर झोपलेल्या माणसाची कातडी लवकर सोलवटते, हे उन्हाळ्यात बघायला गेलेल्यांच्या डोक्यातच येत नाही.

पडू नयेत म्हणून काय असावं?

बाथरूममधे जा, दार लावा, आणि भिंतीवरचा दांडा दोन्ही हातांनी ओढून बघा, हलतोय का. बऱ्याच ठिकाणी तो टाइल्सवर नुसता शोभेला ठोकलेला असतो. फरशी ओली असताना पाय सरकतो का, कमोडची उंची बरी आहे का, दार बाहेरून उघडता येतं का (आत माणूस पडला तर आत ढकलायचं दार उघडत नाही), रात्री पलंगापासून संडासापर्यंत उजेड असतो का. पलंगावर बसल्यावर पाय जमिनीला टेकायला पाहिजेत.

मग एखाद्या रिकाम्या पलंगावरची बेल दाबा आणि घड्याळ बघा. बेलच नसेल, वायर गुंडाळून वर टांगलेली असेल, वाजून कुणी आलंच नाही, तर उत्तर मिळालं तुम्हाला.

"आमचे पेशंट एकदम शांत असतात" असं सांगितलं, चांगलं आहे ना?

दुपारी तीनला सगळे झोपलेले असणं ठीक. पण सकाळी दहाला, संध्याकाळी सहाला पण सगळेच गुंगीत असतील तर मला शंका येते. डिमेन्शियाच्या पेशंटला रात्री अस्वस्थ होतं, ओरडतात, उठून चालायला लागतात, आणि दोन माणसांच्या जागी झोपेची एक गोळी स्वस्त पडते. त्या गुंगीत पडणं, घशात अन्न जाणं, लघवी अडकणं हे सगळं वाढतं. म्हणून विचारा, झोपेची किंवा डोकं शांत करायची गोळी सुरू करायच्या आधी घरच्यांना सांगता का, कुठल्या डॉक्टरनं लिहिली ते फाईलला असतं का.

बांधून ठेवण्याचं पण तेच. पलंगाला हात बांधलेला दिसला तर लगेच भांडायला उठू नका, सलाईनची सुई किंवा नळी ओढतात म्हणून काही तासांसाठी करावं लागतं कधीकधी, पण ते डॉक्टरच्या लेखी सांगण्यावरून, घरच्यांना कळवून, आणि अधूनमधून सोडून. मनगटावर जुने वळ, ओढणीची गाठ, "रोज रात्री बांधतो, सवय झालीय त्यांना", हे ऐकलं की बाहेर पडा.

औषधांचं कसं तपासायचं?

प्रत्येक पेशंटचा वेगळा डबा, त्यावर नाव, आणि दिलेल्या गोळीची वेळेसकट सही असलेला कागद. एका ट्रेमधे वाट्या मांडून "लक्षात असतंय आम्हाला सगळं" म्हणणारी सिस्टर कितीही हुशार असली तरी नको, दोन आजींची नावं सारखी असली की घोळ होतो.

शुगरवाले असतील तर इन्सुलिन फ्रीजमधे २ ते ८ डिग्रीला ठेवायचं असतं, फ्रीजमधे थर्मामीटर आहे का बघा, आणि इन्सुलिन कोथिंबिरीच्या जुडीशेजारी ठेवलंय का तेही बघा. इन्सुलिन आणि जेवण यांच्या वेळा जुळतात का? इंजेक्शन साडेसातला आणि डबा यायला नऊ, हे मी बघितलंय, त्यात शुगर उतरून माणूस घामानं भिजतो, बरळायला लागतो आणि लोकांना वाटतं म्हातारपणाचं आहे.

जेवणाचं काय बघायचं? आमच्या आण्णांना तांबड्या रश्शाशिवाय घास उतरत नाही.

आण्णांना रस्सा कधीतरी मिळायला हरकत नाही, डॉक्टरांना विचारून, पण आधी आण्णा नीट गिळतात का ते बघा. पॅरालिसिसनंतर बऱ्याच जणांना पातळ पाणीसुद्धा ठसक्यात जातं, आणि ते फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. म्हणून भरवायच्या वेळेला हजर राहा. पेशंटला नीट बसवून भरवतात की आडव्याच्या तोंडात चमचा घालतात? एक घास गिळल्यावर दुसरा देतात का? जेवणानंतर निदान अर्धा तास बसतं ठेवतात का? एक मावशी किती जणांना भरवते? घाई असेल तर ताट अर्धं भरलेलंच परत जातं आणि रजिस्टरला "जेवण झाले" लिहिलं जातं.

मेनू साधा असला तरी चालतो. मऊ भात, मुगाची खिचडी, नाचणीचं सत्त्व, दुधात कुस्करलेली भाकरी, अंडं चालत असेल तर अंडं. कवळी जेवताना लावतात का की डबीतच असते ते पण बघा, हे लई वेळा राहून जातं. पाण्याचा तांब्या हाताला लागेल असा आहे का? लघवीला लागू नये म्हणून पाणीच कमी देणं हा प्रकार सर्रास चालतो, मग लघवी गडद होते, इन्फेक्शन होतं आणि माणूस एकाएकी भ्रमिष्टासारखं वागायला लागतो. लघवीची पिशवी असेल तर ती पलंगाच्या खालच्या बाजूला, पोटाच्या पातळीपेक्षा खाली, पण जमिनीला न टेकता पाहिजे.

वास येतो म्हणजे जागा घाणच असं समजायचं का?

आत्ता कुणाला संडास झाली असेल तर वास येणारच, पंधरा मिनिटांनी परत त्याच जागी जा, गेला तर ठीक. भिंतीत, गादीत मुरलेला लघवीचा वास वेगळा असतो, तो फिनाईल मारून लपत नाही. बेसिनला साबण आहे का आणि मावशी एका पेशंटकडून दुसऱ्याकडं जाताना हात धुते किंवा ग्लोव्हज बदलते का एवढं पाच मिनिटं उभं राहून बघा.

दवाखान्यातल्या कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत: ड्रेसिंगचा कापूस-गॉज पिवळ्या पिशवीत, नळ्या आणि लघवीच्या पिशव्या लालमधे, सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. घंटागाडीत सुया टाकणारं सेंटर इतर नियम पाळत असेल असं मला वाटत नाही.

आगीचं काय विचारायचं? आम्हाला त्यातलं काही कळत नाही.

९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली, त्याच वर्षी नोव्हेंबरमधे अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूला आग लागली. स्वतःहून उठून पळता न येणारी माणसं जिथं असतात तिथं धूर आधी मारतो. पलंगावरचे आजोबा आणि ती बाळं, यात त्या बाबतीत फरक नाही.

महाराष्ट्रात २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे, त्यात आगीची यंत्रणा चालू असल्याचं 'फॉर्म बी' सर्टिफिकेट लायसन्सवाल्या एजन्सीकडून वर्षात दोनदा, जानेवारी आणि जुलैमधे घ्यायचं असतं. "फॉर्म बी दाखवा" एवढंच म्हणा. ज्याला ठाऊक आहे तो फाईल काढतो, ज्याला नाही तो "आमच्याकडं सिलेंडर हाय की" म्हणतो. त्या आग विझवायच्या सिलेंडरचा काटा हिरव्यात आहे का, चिठ्ठीवरची तारीख उलटलीय का ते बघा, आणि मावशीला विचारा "हे चालवता येतं का?"

बाहेर पडायचे दोन रस्ते आहेत का? मागच्या जिन्यावर गाद्या आणि मोडके पलंग रचलेत का? रात्री ग्रिलला कुलूप असेल तर चावी कुणाकडं? डिमेन्शियाचे पेशंट बाहेर निघून जाऊ नयेत म्हणून कुलूप लावतात ते समजू शकतं, पण चावी ड्युटीवरच्या माणसाच्या कमरेला पाहिजे, मालकाच्या घरी नव्हे. तिसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेले पेशंट असतील आणि स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर फिरत नसेल तर लिफ्ट बंद झाल्यावर त्यांना उतरवणार कसे, हे तोंडावर विचारा.

पुराचा विचार करायची गरज आहे का? रोज थोडाच येतो.

कोल्हापुरात राहून हा प्रश्न! पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, आणि २०१९ ला ऑगस्टमधे आणि २०२१ ला जुलैमधे पाणी ५० फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, नागाळा पार्क, दसरा चौकाकडची बाजू, जयंती नाल्याच्या कडेच्या वसाहती पाण्यात होत्या, हायवे शिरोलीजवळ बंद, आणि पंपिंग स्टेशनं बुडाल्यामुळं कोरड्या भागातल्या नळांना पण पाणी नव्हतं.

म्हणून दोन वेगळे प्रश्न आहेत. इमारत पूररेषेत असेल तर तुमच्या माणसाचा पलंग तळमजल्यावर नको, जनरेटर आणि ऑक्सिजनचे सिलेंडर बेसमेंटमधे नकोत, आणि पेशंट कुठं हलवणार ते आधीच ठरलेलं पाहिजे, किती फुटाला हलवणार तेसुद्धा, कारण ४३ ला अँब्युलन्स शोधायला लागलात तर तेव्हा सगळं गावच शोधत असतं. आणि इमारत उंचावर असली, अगदी आर. के. नगर किंवा राजारामपुरीत, तरी आठवडाभर नळ, दूध, औषधं, स्टाफची ये-जा बंद झाली तर काय? टाकीत पाणी किती दिवसांचं, डिझेल किती, डायपर किती, गोळ्या किती दिवसांच्या शिल्लक ठेवता? २०२१ ला तुम्ही काय केलं होतं, एवढं विचारलं तरी पुरे, जे त्यातून गेलेत ते न अडखळता सांगतात.

सीसीटीव्ही आहे, मोबाईलवर लाईव्ह दिसतं म्हणाले. गूगलवर रेटिंग पण चांगलं आहे.

कॅमेरा पॅसेजमधे ठीक. कपडे बदलतात, डायपर बदलतात त्या जागेचं लाईव्ह दहा नातेवाईकांच्या मोबाईलवर जात असेल तर तुमच्या आईचं पण जातंय. आणि कॅमेऱ्यात टाचेखालची जखम दिसत नाही. रेटिंग देणारे मुलं-सुना, पलंगावरचा माणूस नव्हे. एनएबीएच (दवाखान्याच्या दर्जाचं मानांकन) असेल तर चांगलंच, पण कशासाठी आणि कधीपर्यंतचं ते वाचा.

पैशाच्या बाबतीत कुठं फसायला होतं?

महिन्याचा आकडा सांगतात तो सुरुवातीचा. डायपर, ग्लोव्हज, ड्रेसिंग, फिजिओ (हो, माझे पैसे पण), डॉक्टर व्हिजिट, ऑक्सिजन, एअर बेडचं भाडं, सणाला स्टाफची बक्षिसी हे वेगळं निघतं. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणी असलेल्या ठिकाणी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावलेली पाहिजे, त्याचा फोटो काढून ठेवा. डिपॉझिट परत कधी आणि कशातून काय कापणार हे लेखी घ्या. मधेच हॉस्पिटलला हलवलं तर त्या दिवसांचे पैसे लागतात का, आणि माणूस गेलं तर त्या महिन्याचा हिशोब कसा, हे विचारताना जड जातं पण विचारा. "काहीही झालं तरी संस्था जबाबदार नाही" अशा कागदावर गडबडीत सही करू नका, घरी नेऊन वाचा. बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

मुलं पुण्या-बेंगलोरला, आम्ही दोन महिन्यांनी येतो. ठेवल्यानंतर लक्ष कसं ठेवायचं?

गावातला एखादा भाचा, शेजारी, आण्णांचा जुना मित्र, कुणीतरी आठवड्यातून एकदा वेगवेगळ्या वेळी जाऊन यायला पाहिजे. व्हिडिओ कॉलवर चेहराच दिसतो. जाणाऱ्याला सांगा, पाय उघडून बघ, नखं बघ, तोंडात जीभ कोरडी आहे का बघ, केसांच्या मुळाशी वास येतो का बघ. महिन्याला वजन करून तुम्हाला पाठवायला सांगा, उभं राहता येत नसेल तर दंडाचा घेर टेपनं मोजून. वजन सारखं उतरतंय आणि कारण कुणाला माहीत नाही, तर खाणं जात नाहीये किंवा दुसरं काही आहे, दोन्हीकडं बघायला लागतंच.

पडले की लगेच कळवा, बारीक खरचटलं तरी, असं पहिल्या दिवशीच सांगा, आणि कळवलं की ओरडू नका. दरवेळी भांडण केलं तर पुढच्या वेळी लपवतात, हा माणसाचा स्वभाव आहे.

काही गडबड दिसली तर तक्रार कुठं?

आधी मालकाला किंवा डॉक्टरला लेखी, व्हॉट्सॲप केलं तरी तारीख राहते. जखमेचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. फाईलची कॉपी मागा, डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणं मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यायची असतात. दाद लागली नाही तर शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग, बाहेर जिल्हा आरोग्य अधिकारी किंवा सिव्हिल सर्जन. पैशाचा आणि सेवेतल्या हलगर्जीपणाचा वाद असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथं दोन वर्षांच्या आत जावं लागतं. फोनवर सल्ला पाहिजे असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि ग्राहकांसाठी १९१५. मारहाण, कोंडून ठेवणं असलं काही असेल तर ११२ ला फोन करा, आणि माणूस सिरियस असेल तर तक्रार नंतर, १०८ आधी.

आई तयारच नाही, आणि पाहुणे म्हणतात "लोक काय म्हणतील". काय करायचं?

पाहुण्यांना आठवड्यातल्या दोन रात्री जागायला बोलवा, प्रश्न मिटतो. आईचं मात्र ऐकायला पाहिजे. डोकं शाबूत असलेल्या माणसाला "डॉक्टरकडं चाललोय" सांगून सोडून येणं मला अजिबात पटत नाही, पुढं ती बाई महिनाभर दाराकडं बघत बसते, जेवत नाही, आणि व्यायाम तर करतच नाही. तिला घेऊन जागा बघायला जा, पलंग खिडकीजवळचा की आतला हे तिला ठरवू द्या, आधी आठ-पंधरा दिवस राहून बघूया म्हणा आणि खरंच तेवढ्या दिवसांनी विचारा. आणि ठेवून फोन बंद करणाऱ्यांसाठी सांगते, ज्येष्ठ नागरिकांना वाऱ्यावर सोडणं हा २००७ च्या कायद्यानं गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

पहिल्या दिवशी सोबत काय द्यायचं?

सगळ्या रिपोर्टच्या झेरॉक्स, ओरिजिनल नव्हे. चालू गोळ्यांची यादी मोठ्या अक्षरात, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे ते लाल पेनानं. चष्मा, कानाचं मशीन, कवळीची डबी या तिन्हींवर नाव, कारण याच तीन वस्तू हरवतात. सोनं घरी ठेवा, मंगळसूत्र काढायला आई तयार नसेल तर काळ्या मण्यांची साधी पोत करून द्या. पुढून बटणाचे गाऊन. आणि एका कागदावर लिहून द्या: काय म्हणून हाक मारली तर ओ देतात, चहा किती वाजता लागतो, कुठल्या कुशीवर झोप येते, संडासला जायचं असलं की काय म्हणतात. तो कागद फाईलमधे न देता रात्रपाळीच्या मावशीच्या हातात द्या.